सुरी बोथट, विळी धारदार: एका खानावळीतलं प्रकरण

तक्रार साधी होती. कोथरूडच्या बाजूला डबे पुरवणारी एक खानावळ, दोन्ही वेळचा स्वयंपाक, रोज कांद्याची गोण फुटते. मालकांचं म्हणणं असं: "काका, धार लावून आणली की दोन-तीन दिवस सुरी मस्त चालते. मग टोमॅटो चेचायला लागते. सुऱ्या बदलून पाहिल्या, तरी तेच." आधी भांड्यांच्या दुकानातल्या साध्या स्टेनलेसच्या सुऱ्या झाल्या. मग त्याहून महाग, जर्मन धाटणीच्या आल्या. शेवटी मुलाच्या हट्टापायी व्हीजी-१० पोलादाची एक जपानी धाटणीची सुरी आली, आणि तिला तर महिन्याभरात दाते पडले. हल्ली मालच चांगला येत नाही, असा निकाल देऊन मालक मोकळे झाले होते. मला बोलावलं ते कुठली सुरी घ्यावी हे विचारायला.

माझी उमेद गेली भोसरीच्या टूलरूममध्ये. तिथे कटर किंवा ड्रिल लवकर बसलं, म्हणजे बोथट झालं, तर कंपनी कुठली हे नंतर विचारतात. आधी विचारतात, बसलं कसं? कड झिजली, दुमडली, तुटली की जळली? चारही गोष्टींना बोली भाषेत आपण 'धार गेली' एवढंच म्हणतो, पण प्रत्येकीचं कारण निराळं आणि इलाजही निराळा. दुमडलेल्या कडेला दगडावर घासत बसणं म्हणजे फुकट धातू घालवणं. तुटलेल्या कडेवर, दुमडलेली धार सरळ करायची सळई फिरवून काही होत नाही. आणि जळलेली कड कितीही पाजवली तरी जळका भाग पुरता निघेपर्यंत टिकत नाही. त्यामुळे नवी सुरी सुचवायच्या आधी जुन्या कशा मेल्या ते पाहायचं ठरवलं.

मालकांची कसोटी वर्तमानपत्राची. धार लावून आणलेली सुरी कागदातून सर्रकन गेली की पैसे वसूल. ही कसोटी वाईट नाही, पण ती फसवते. दगडाने किंवा चाकाने दोन्ही बाजू घासत आणल्या की टोकाशी धातूची एक पातळ किनार उरते, साडीच्या दशीसारखी लोंबती. फिटर लोक तिला 'बर' म्हणतात. ही बर उभी असेल तर कागद असा कापते की बघत राहावं. पण ती मूळ पात्याला जेमतेम धरून असते. पहिल्या दहा-वीस कांद्यांत ती आडवी पडते किंवा तुटून जाते, आणि खाली उरते ती बोथट कड. म्हणजे त्या दोन-तीन दिवसांतली बरीचशी चमक त्या 'बर'चीच असणार, असा माझा पहिला संशय.

बर आहे की नाही हे कागद सांगत नाही, कापूस सांगतो. कापसाचा बोळा पात्याच्या पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर जाईल असा अलगद ओढायचा. एका बाजूने तो सुळकन निघाला आणि दुसऱ्या बाजूने त्याचे तंतू अडकले, तर तिकडे बर दुमडलेली आहे. नुकत्याच धार लावून आलेल्या दोन सुऱ्या मालकांनी अजून वापरायला काढल्या नव्हत्या. दोन्हींवर कापूस अडकला. एकीवर तर पांढरी रेघच उमटली.

मग वापरातल्या सुऱ्या घेतल्या. त्यांच्यासाठी माझी आवडती कसोटी उजेडाची, कारण ती सुरीला काही न करता सगळं दाखवते. मोबाइलचा टॉर्च लावायचा, पातं धार वर करून डोळ्यांसमोर धरायचं आणि हळूहळू कलतं करत जायचं. खरी धार उजेड परत पाठवत नाही. परत पाठवायला तिथे रुंदीच नसते. चांगल्या धारेच्या टोकाची जाडी एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. कड जिथे बसली, दुमडली किंवा तुटली, तिथे चकाकी उठते.

पहिल्याच सुरीवर जे दिसलं ते मी मालकांनाही दाखवलं. मुठीपासून इंचभर कड पूर्ण काळी, म्हणजे शाबूत. तिथून पुढे पोटाचा सगळा फुगीर भाग चकाकत होता, सलग बारीक रेघ. टोकाकडे पुन्हा चकाकी तुटक. दुसरी सुरी तशीच, तिसरीही. आता पोलाद वाईट असतं तर ते मुठीशी चांगलं आणि पोटाला वाईट कसं असेल? धार लावणाराही एकच, दिवसही तेच. फरक फक्त एक: या सुऱ्या टोक टेकवून डोलवत चालवल्या जात होत्या, त्यामुळे पोट दर घावाला खाली आपटत होतं आणि मुठीजवळचा भाग क्वचित टेकत होता.

नखाची कसोटी त्यावर शिक्का मारायला. अंगठ्याच्या नखावर सुरी तिरपी, फक्त स्वतःच्या वजनाने टेकवायची. धार असेल तर ती नखात रुतून थांबते, नसेल तर घसरते. मुठीशी रुतली, पोटाला घसरली. अंगठ्याचं बोट फिरवायचंच असेल तर धारेला आडवं फिरवा, धारेच्या लांबीने कधीही नाही. हे सांगावं लागतं, कारण स्वयंपाकघरातली निम्मी माणसं ते उलटं करताना मी पाहिली आहेत.

शेवटी दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं. चकाकणारी रेघ म्हणजे झिजलेली सपाटी नव्हती. कड दुमडली होती, आणि जवळजवळ सगळीकडे एकाच बाजूला. सरळ खाली आपटण्याने कड दबते, थोडी इकडे, थोडी तिकडे. एकाच बाजूला वळायला आडवा रेटा लागतो. तो कुठून येत होता हे बघायला सकाळच्या भाजीला थांबणं भाग होतं.

त्या स्वयंपाकघरात भाजी चिरणाऱ्या तिघी. दोघींच्या हातात सुऱ्या. तिसऱ्या मावशी वयाने मोठ्या, त्या जमिनीवर बसून विळीवर पालेभाजी आणि कोबी चिरत होत्या. त्यांची विळी जुनी, साध्या लोखंडी पात्याची, कडेला खोबरं खवायचा गोल पंजा. मालकांनी त्यांनाही नवी सुरी देऊ केली होती. "मला नको ती सुरी. माझी विळी आहे तीच बरी," एवढंच उत्तर. मी त्या विळीच्या पात्यावर टॉर्च टाकला. काळी कड, जवळजवळ सलग. शेवटची धार कधी लावली असं विचारलं तर मावशींना आठवेना. "दसऱ्याच्या आधी असेल." आम्ही बोलत होतो ते संक्रांतीनंतर.

विळीचं पातं काही जादूचं नाही. साधं कार्बन पोलाद, लिंबू-चिंच लागून पुसलं नाही तर तासाभरात डाग धरतं. वर माती लागलेल्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, म्हणजे बारीक वाळूच. झिजायला हवं ते विळीने. पण विळीला एक गोष्ट कधीच करावी लागत नाही: भाजीच्या पलीकडे जाऊन कशावर तरी आपटणं. पातं जागेवर उभं, भाजी त्याच्याकडे येते, कापली जाते आणि हवेत सुटून परातीत पडते. धारेला भाजीशिवाय काही लागतच नाही.

सुऱ्या मात्र ओट्यावर चालत होत्या. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट, आणि गर्दी झाली की स्टीलच्या परातीत. आपल्याकडे काळा ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा दगड बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा असतो, त्यात क्वार्ट्झ हे कठीण खनिज फारसं नसतं. पण त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजंही कठीणपणाच्या मोह्स मापावर सहाच्या आसपास, म्हणजे सुरीच्या पोलादाच्या तोडीची. परातीचं स्टील सुरीहून मऊ असतं, म्हणून अनेकांना वाटतं की ते सुरीला काय करणार. पण एक मायक्रॉनची कड मऊ लोखंडावरही दुमडते. लाकूड आणि पॉलिथिन दबतात, कड त्यांच्यात किंचित रुतते. परात तशी दबत नाही.

आणि आडवा रेटा? तो पाहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. कांदा चिरून झाला की ढीग सुरीनेच गोळा करून परातीत लोटायचा. सुरी कलती, धार खाली, उजवीकडून डावीकडे दगडावर खर्रकन ओढायची. हा आवाज त्या स्वयंपाकघरात दिवसभर होता, म्हणून तो कुणाला ऐकूच येत नव्हता.

इथे थांबून निदान सांगता आलं असतं. पण विळी आणि सुरी यांचं पोलाद वेगळं, कोन वेगळा, कामही वेगळं. ही तुलना कोर्टात टिकणारी नाही. मालक हिशेबी गृहस्थ, पुरावा मागणारे. म्हणून एकाच बनावटीच्या चार साध्या सुऱ्या घेतल्या आणि चारही मी स्वतः, एकाच दगडावर, एकाच कोनात पाजवल्या.

दगड बोहरी आळीतून आणलेला साधा दुहेरी कार्बोरंडमचा, एक बाजू भरड आणि एक बारीक, आणि शेवटच्या हाताला माझ्याकडचा हजार नंबरचा पाण्याचा दगड. कोन प्रत्येक बाजूला वीस अंश. कोन डोळ्याने धरता येत नाही अशी तक्रार सगळे करतात. पण त्याला शाळेतली त्रिकोणमिती पुरते: पात्याची रुंदी गुणिले कोनाची ज्या (साइन). ४५ मिलिमीटर रुंद पातं असेल तर वीस अंशांसाठी सुरीची पाठ दगडापासून साधारण १५ मिलिमीटर वर हवी, पंधरा अंशांसाठी साडेअकरा. तेवढ्या उंचीचा लाकडी ठोकळा बाजूला ठेवून अधूनमधून ताडून पाहायचं. आणि काळ्या मार्करने कडेचा उतार आधी रंगवून घ्यायचा. दोन हात मारले की मार्कर कुठून गेला ते दिसतं. वरून गेला आणि टोकाशी राहिला तर कोन फार आडवा, फक्त टोकाशी गेला तर फार उभा.

एका बाजूने घासत राहायचं ते दुसऱ्या बाजूला टोकापासून मुठीपर्यंत बर लागेपर्यंत. मग बाजू बदलायची. बर आली म्हणजे दोन्ही उतार टोकाला भेटले, त्याआधी थांबलात तर धार आलीच नाही. बर आल्यावर मात्र तिला काढणं हेच मुख्य काम: हलक्या, आणखी हलक्या हाताने एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने, मग जुन्या चामडी पट्ट्यावर, न्हावी वस्तरा फिरवायचा तसं, पाठ पुढे ठेवून. कापूस दोन्हीकडून सुटा निघाला की झालं. चारही सुऱ्यांनी टोमॅटोची साल दाब न देता, नुसत्या ओढीने उघडली.

मुठींना रंगीत इन्सुलेशन टेप लावली. लाल सुरी पूर्वीसारखीच: ओटा, परात, धारेने लोटणं. पिवळी पॉलिथिनच्या पांढऱ्या बोर्डवर, पण लोटायला धारच. हिरवी त्याच बोर्डवर, पण लोटताना सुरी उलटी करून पाठीने. निळी कशावरही टेकवायची नाही, हातातल्या हातात काकडी, दुधी, बटाटा सोलणं-कापणं एवढंच, म्हणजे सुरीची विळी. पहिल्या तिघी कांद्यावर. निळीचं काम हलकं होतं हे मान्य, पण चिरताना खाली काही नसेल तर काय होतं ते मला पाहायचं होतं.

मोजमापासाठी सोनाराचा असतो तसा छोटा डिजिटल काटा, त्यावर ताणून बांधलेला शिवणकामाचा दोरा. सुरी दोऱ्यावर सरळ खाली दाबायची, न ओढता, आणि दोरा तुटताना काट्याने दाखवलेला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. हीच कल्पना पक्क्या स्वरूपात अमेरिकेतल्या ब्रुबेकर मापात आहे. त्यात ठरावीक जाडीचा दोरा आणि ठरावीक ताण असतो, आणि नव्या दाढीच्या ब्लेडला सुमारे ५० ग्रॅम पडतात. माझा दोरा टिळक रोडवरच्या रिळाचा, त्यामुळे माझे आकडे त्या मापात बसवू नयेत. ते आपापसांत तुलना करण्यापुरतेच. दर संध्याकाळी पोटाच्या त्याच जागी, मार्करची खूण करून.

लाल सुरीचा आकडा पहिल्याच संध्याकाळी दुपटीच्या वर गेला. ते अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हती ती पिवळी. ओटा सुटला, मऊ बोर्ड आला, म्हणजे ती हिरवीच्या जवळ राहील असं मला वाटत होतं. ती चढली लाल सुरीपेक्षा सावकाश, पण चढत राहिली, आणि भिंगाखाली तिची कड त्याच एका बाजूला वळलेली. हिरवी तिच्यापासून दिवसागणिक लांब होत गेली. म्हणजे नुसतं धारेने लोटणं, तेही मऊ प्लॅस्टिकवर, दगडावर चिरण्याच्या खालोखाल नुकसान करत होतं. निळीचा आकडा जवळपास जागचा हलला नाही.

हे सगळं पोलाद तेच असताना. हल्ली सुऱ्यांच्या जाहिराती रॉकवेलच्या, म्हणजे पोलादाच्या कठीणपणाच्या, आकड्यांनी भरलेल्या असतात, आणि आकडे खोटे नसतात. जर्मन धाटणीची सुरी ५६ च्या आसपास, व्हीजी-१० साठीच्या आसपास. कठीण पोलाद दुमडायला अवघड जातं, कोन बारीक ठेवता येतो, धार टिकते. पण धार किती टिकते हे मोजणारी जी चाचणी असते ती आपल्या ओट्यावरची नाही. आयएसओ ८४४२-५ या मानकातली चाचणी, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कॅट्रा संस्थेच्या यंत्रावर होते ती, अशी: सुरी धार वर करून घट्ट बसवायची, तिच्यावर वाळू मिसळलेल्या खास कागदाची चळत ५० न्यूटन दाबाने टेकवायची आणि सुरी ४० मिलिमीटर मागेपुढे चालवायची. असे ६० फेरे. पहिल्या तीन फेऱ्यांत किती कागद कापला तो तीक्ष्णपणा, सगळ्यांत मिळून किती कापला तो टिकाऊपणा. कागदात पाच टक्के वाळू असते, म्हणजे ही परीक्षा झिजण्याची आहे. सुरीखाली दगड नाही, आडवं ओढणं नाही. थोडक्यात, कॅट्राचं यंत्र सुरीला विळीसारखं वागवतं. अशा परीक्षेत पहिली आलेली सुरी आपल्या ओट्यावर नापास झाली तर तिच्यावर राग काढण्यात अर्थ नाही.

त्या जपानी धाटणीच्या सुरीचं तेच झालं, फक्त निराळ्या रीतीने. तिची कड दुमडली नव्हती, तुटली होती. भिंगाखाली अर्धचंद्राकृती खळगे, पोटाला ओळीने, आणि टोकाकडे एक मोठा. मोठ्याचा उलगडा मुलानेच केला: लाल भोपळा फोडताना सुरी अडकली आणि त्याने ती पिळून काढली. बारीक खळगे ओट्याचे. कठीण पोलाद वाकत नाही, म्हणून ते तुटतं. पातळ कडेला आडवा ताण आला की ती तशीच जाते. याबद्दल अमेरिकेतल्या एमआयटीमधलं एक काम फार मजेदार आहे. २०२० मध्ये ते 'सायन्स' नियतकालिकात आलं. दाढीचा केस ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी ब्लेड बोथट का होतं, हा प्रश्न. संशोधकाने स्वतःची दाढी करून दर काही दिवसांनी ब्लेडची कड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. गोलाई फारशी आलेली नव्हती, कपचे उडाले होते. केस कडेला कलता भिडून वाकतो, आणि जिथे पोलादाची आतली घडण एकसारखी नसते किंवा कडेवर आधीच एखादी बारीक उणीव असते, तिथे ताण एकवटून तुकडा निघतो. केसाने एवढं होत असेल तर भोपळ्यात पिळलेल्या सुरीचं नवल काय.

उरला धार लावणारा. आधी ते सायकलवाल्याकडे देत, तो येईनासा झाल्यावर एका दुकानातल्या विजेच्या ग्राइंडरवर. जाऊन पाहिलं. चाक कोरडं, वेग मोठा, ठिणग्यांचा फवारा, पाणी कुठेच नाही. सुरीचं अंग हाताला कोमट लागतं म्हणून सगळं ठीक वाटतं, पण कडेचं टोक इतकं पातळ की क्षणात तापतं आणि त्याची उष्णता जायला जागा नसते. या सुऱ्यांना पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण केल्यावर, सहसा दीड-दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवून घेतलेलं असतं. त्याच्या बरंच वर कड गेली की ती मऊ पडते. एका सुरीच्या टोकाशी निळसर-जांभळी झाक होती, तिथे तर संशयाला जागाच नव्हती. बाकीच्यांवर रंग दिसला नाही, पण स्टेनलेसवर रंग उशिरा, फार तापल्यावर चढतो. रंग नाही म्हणजे तापली नाही, असं होत नाही. त्यातून कोन दोन्हीकडे मिळून जवळजवळ कुऱ्हाडीचा, आणि बर तशीच ठेवून परत. सायकलवाल्याबद्दल माझं मत बरं आहे. पायाने फिरणारं चाक सावकाश फिरतं आणि त्याच्याकडे बहुतेक वेळा पाण्याचा डबा असतो. तो परत आला तर कोयते-विळ्या त्याला जरूर द्याव्यात.

धुण्याचं एकाच वाक्यात सांगतो: सुऱ्या रात्रभर खरकट्या भांड्यांबरोबर सिंकमध्ये पडून असत, सकाळी तारेच्या घासणीने घासल्या जात आणि चमच्यांच्या डब्यात उभ्या कोंबल्या जात. मीठ, लिंबू आणि ओल यांनी कडेवर जे बारीक खड्डे पडतात ते डोळ्याला दिसेपर्यंत धार केव्हाच गेलेली असते.

बदल फार केले नाहीत, कारण गर्दीच्या स्वयंपाकघरात तीनपेक्षा जास्त नियम टिकत नाहीत. ओट्यावर दोन पॉलिथिनचे बोर्ड, खाली ओलं फडकं म्हणजे सरकत नाहीत. काचेचा किंवा संगमरवरी बोर्ड आणायचा नाही, आणि बांबूचाही शक्यतो नको, तो कठीण आणि त्याच्या धाग्यांत सिलिका असते. दुसरं, लोटायला सुरीची पाठ. याला सर्वांत वेळ लागला, कारण हात सवयीने चालतो. शेवटी मालकांनी दोघींना डोशाच्या उलथन्यासारखी रुंद पत्र्याची खुरपी आणून दिली आणि प्रश्न मिटला. ढीग एका घासात उचलला जातो, सुरी उलटी करायची कटकट नाही. तिसरं, काम झालं की सुरी लगेच हाताने धुऊन, पुसून भिंतीवरच्या चुंबकी पट्टीवर.

धार राखायला सिरॅमिकची एक सळई. चांगल्या हॉटेलात लोखंडी सळई असते, ती दुमडलेली कड सरळ करते, पण सरळ केलेली तीच कड पुन्हा पहिल्यापेक्षा लवकर दुमडते. सिरॅमिक थोडा धातू खातं आणि ताजी कड काढतं. सळई नसेल तर चिनी मातीच्या बरणीच्या बुडाची न चकाकणारी कड घ्या, आजीच्या काळचा हा उपाय त्याच कारणाने चालतो. सुरीचा कोन दगडावरच्यापेक्षा किंचित उभा, दाब एवढाच की सळई टेबलावर घसरू नये, बाजूला चार-पाच हात. रोज सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी. जोर लावून खडखड केलेलं दिसायला भारी असतं, धारेला वाईट. दोन फटींचं ओढून धार लावायचं यंत्र त्यांच्याकडे होतं, ते बंद करायला लावलं. त्यातली टंगस्टन कार्बाइडची पाती धातू खरवडून काढतात आणि कड दातेरी ठेवतात.

दगडावर सुरी केव्हा न्यायची, याची खूण मालकांना हवी होती. कागद बाजूला ठेवा म्हणालो, कागद वर्तमानपत्राच्या पानाच्या उभ्या-आडव्या दिशेप्रमाणेही वेगळा कापला जातो. पिकलेला टोमॅटो घ्या, सुरी सालीवर टेकवा, दाब देऊ नका, नुसती ओढा. साल उघडली तर सुरी ठीक. नाही उघडली तर सळई, आणि सळईनंतरही नाही उघडली तर दगड. स्वयंपाकघरात टोमॅटो रोज असतो, वेगळं साहित्य लागत नाही, आणि चाचणीचा तुकडा रश्श्यात जातो.

कांद्याच्या बाबतीत एक फायदा त्या दोघींनी स्वतःहून सांगितला: डोळे कमी चुरचुरतात. त्यालाही आधार आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये कांदा कापताना उडणारे थेंब वेगवान कॅमेऱ्याने टिपले. बोथट पात्याखाली कांद्याची साल आधी दबते, आत दाब साठतो आणि मग फुटून थेंब जास्त संख्येने आणि जास्त वेगाने उडतात.

आजची स्थिती सांगायची तर साध्या सुऱ्याच चालू आहेत, महागड्या घेतल्या नाहीत. दगडावर त्या पूर्वीच्या मानाने क्वचित जातात, आणि तो हात आता मालकांचा मुलगा मारतो. त्याचा कोन अजून मुठीकडे हलतो, मार्कर ते दर वेळी दाखवतो. जपानी सुरीचे खळगे काढायला मला बराच धातू घालवावा लागला, पातं दोन मिलिमीटरने तरी अरुंद झालं. ती आता फक्त टोमॅटो, काकडी आणि सॅलडच्या कांद्याला. भोपळा, सुरण आणि नारळ फोडायला जाड पाठीचा कोयता आणलाय.

अडचण एकच राहिली आहे. रात्री भांडी घासायला येणारा मुलगा दर काही महिन्यांनी बदलतो, आणि नवा आला की सुऱ्या पुन्हा सिंकमध्ये. मालकांनी पट्टीशेजारी पाटी लावली. ती कुणी वाचत नाही. विळीवाल्या मावशींनी यावर आपला उपाय काढलाय: निघताना त्या सुऱ्या स्वतः धुऊन, मोजून पट्टीवर लावतात आणि मगच चप्पल घालतात. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.